सूर्यघड्याळाची पायरी

आकाशदर्शनासाठी नावाजलेल्या वेधगावचा डोंगर चढून तांबटबाई नववीच्या मुलींना घेऊन माथ्यावर पोचल्या, तर दगडी सूर्यघड्याळाच्या पायरीवर एक उपरणेवाला दोन्ही हात आडवे करून उभा. जुन्या ज्योतिर्विदांनी बसवलेल्या काट्याला कुणीतरी शेंदूर फासला होता.

“बायकांनी वर यायचं नाही. देवाला विटाळ चालत नाही.”

बाईंचं डोकंच फिरलं. “अहो, कसला देव? वेळ मोजायचं यंत्र आहे हे! सावली कशी वाचायची ते शिकवायला आणलंय मी मुलींना.”

“ते शाळेत शिकवा,” तो म्हणाला.

मुली निमूटपणे मागे सरकल्या. एकीनेही ‘का’ म्हणून विचारलं नाही. त्याच्या बोलण्यापेक्षा बाईंना ते सरकणंच जास्त झोंबलं.

तेवढ्यात जवळच ताक विकत बसलेली म्हातारी ताडकन उठली. “अरं हरबा, तुझी आई आन् मी दर उन्हाळ्याला हितंच कुरडया वाळवायचो. तवा न्हाई इटाळला व्हय रं तुझा देव?”

त्याचा चेहरा पडला, पण तो हलला नाही. बाईंनी पदर खोचला, त्याला वळसा घालून त्या घड्याळाच्या चौथऱ्यावर चढल्या आणि तिथून मुलींना हाक मारली.

क्षणभर कुणीच पुढे होईना. मग वर्गात कधी तोंडही न उघडणारी शाल्मली पायरीशी आली.

“काका, सरका बाजूला. घड्याळावर तुमची सावली पडतेय.”