आंब्याखालची जागा

लुआपुला नदीकाठच्या गावात सिस्टर हेडविगनी बेचाळीस वर्षं मिशनचा दवाखाना चालवला. वयामुळे त्यांना जर्मनीतल्या मठात परत बोलावलं होतं. पत्र येऊन आठवडा झाला, तरी गावात सांगायचा धीर होईना. आज सुईण चिलुफ्या त्यांना ओढतच दफनभूमीत घेऊन गेली. आंब्याखालची झाडून ठेवलेली जागा दाखवत म्हणाली, “ही तुमची. शेजारी माझा नवरा झोपलाय. फार घोरतो, नंतर तक्रार नको!” सिस्टर हसायला गेल्या, पण हसू अर्धवटच राहिलं. कसंबसं त्यांनी सगळं सांगितलं. चिलुफ्याने विचारलं, “तिकडे तुमचं कोण आहे?” “आता कुणीच नाही.” “मग मातीला कोण येणार?” सिस्टरनी झाडलेल्या जागेवर पडलेलं एक पान उचललं. “तिथल्या लोकांना आमचा पत्ता देऊन ठेवा,” चिलुफ्या म्हणाली. “तुम्ही गेल्याचं कळवू देत. आम्ही इथं बसून रडू.”