नवसाबाईची हाळी

‘भाजी’तला ‘भ’ पुन्हा फुटला. कागदी पिशवी फुगवून फोडावी तसा फट्ट आवाज टेपरेकॉर्डरमधून आला. रूपालीनं टेप थांबवली.

“आत्या, तोंड जरा बाजूला धरा. माइकच्या अगदी समोर नको.”

“आता माझं तोंडबी नको झालं का तुला?” नवसाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या आणि सासू-सुना दोघी हसल्या. हसता हसता नवसाबाईंनी घसा धरला. रूपालीचं हसू तिथंच विरलं.

शुक्रवारी ऑपरेशन होतं. घशातल्या गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नंतर बोलणं नाही.

मखमलाबादच्या मळ्यातली भाजी हातगाडीवर घालून नवसाबाई वर्षानुवर्षं गंगापूर रोडच्या कॉलन्यांमधून फिरल्या होत्या. कोपऱ्यावर त्यांची हाळी ऐकू आली, की बायका हातातलं काम टाकून खाली यायच्या. लग्न झाल्यापासून गाडी रूपाली ढकलत होती. हाळी मात्र तिनं कधी दिली नव्हती. एकदा देऊन पाहिली, तर शब्द ओठांतच राहिले. “समोरच्या शेळीनंबी मान वळवली नाय,” असं नवसाबाई साऱ्या कॉलनीला हसून सांगत.

हातगाड्यांवर भोंगे नुकतेच दिसू लागले होते. रूपालीनं ठरवलं, आत्यांची हाळी टेप करून ठेवायची. त्या शेजारी चालतील आणि त्यांचाच आवाज भोंग्यातून येईल. आवाज गेला तरी फेरी जाणार नाही.

स्टुडिओचं नावही काढायची सोय नव्हती. भजनी मंडळाचा माइक मागून आणला आणि घरातच पहिली टेप केली. ती ऐकून रूपालीचा नवरा गोरक्ष म्हणाला, “आई विहिरीत पडल्यागत वाटती.”

खरंच तसं वाटत होतं. वर पत्रा, खाली फरशी. आवाज इकडून तिकडे आपटत होता. रूपाली बराच वेळ विचार करत बसली. मेथीच्या ढिगाआडून हाक मारली, तर पलीकडे नीट ऐकू येत नाही, हे तिला मळ्यातल्या कामामुळे ठाऊक होतं. मऊ वस्तू आवाज पिऊन टाकते. मग तिनं कोपऱ्यात दोऱ्या बांधल्या आणि त्यांवर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या. वरून बारदान पसरलं. खाली, दुसऱ्या दिवशी विकायच्या मेथीच्या जुड्या रचल्या. पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ उचलून अंगणात ठेवलं. ‘भ’ फुटू नये म्हणून माइकवर गोरक्षचा धुतलेला पायमोजा चढवला.

“आत बसवून मला काय न्हाऊ घालतीस का?” नवसाबाई म्हणाल्या. पण बसल्या.

या खेपेला टेप लावली. “नवसाबाई आली! भाजी घ्या, भाजी!” घोगरेपणा होता, पण प्रत्येक शब्द स्वच्छ. शेवटी सूर वर चढवून त्या जी लपेट घेत, तीसुद्धा जशीच्या तशी.

“ही मी हाय?” नवसाबाईंनी टेपरेकॉर्डरला हात लावून पाहिला. मग सुनेकडे पाहिलं. “गोरक्षा, तुझ्या बायकोनं बारदानाचं रेडिओ स्टेशन केलं की रं!”

फक्त मधे कुठेतरी बांगड्या किणकिणल्या होत्या. माइक धरायला रूपाली आत बसली होती.

“तू भाईर हो,” नवसाबाई म्हणाल्या.

“बांगड्या काढून ठेवते ना.”

“अंगणात जा म्हणलं. तुझा श्वासबी नको टेपात.”

रूपालीनं बटणं पुन्हा दाखवली. “नवसाबाई आली, भाजी घ्या. एवढंच म्हणा. घशाला ताण देऊ नका.”

“जन्मभर वरडले मी. आता तू शिकव मला.”

रूपाली अंगणात जाऊन उभी राहिली. कान देऊनही तिला काही ऐकू आलं नाही. गोधड्यांनी आपलं काम चोख केलं होतं. नवसाबाई घामाघूम होऊन बाहेर आल्या, केसांत मेथीचं पान अडकलेलं. रूपाली ऐकायला धावली, तर त्यांनी कॅसेट थेट गोरक्षच्या हातात दिली. कॅसेटच्या दुकानातून एकच हाळी पुन्हा पुन्हा, पूर्ण कॅसेटभर उतरवून घ्यायची होती. दुकानातून परत आल्यावर त्यानं आईकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, “झाक झालीय.” कॅसेट त्यानं स्वतःजवळच ठेवली.

ऑपरेशन पार पडलं. गळ्याशी पांढरं फडकं बांधून नवसाबाई पहिल्यांदा गाडीबरोबर निघाल्या, तोवर कोथिंबिरीचा नवा वाफा काढणीला आला होता. गोरक्षनं सकाळीच कॅसेट घालून भोंगा जोडून दिला होता. कॉलनीच्या कोपऱ्यावर रूपालीनं बटण दाबलं. भोंगा जरा खरखरला आणि मग आवाज आला. भरदार, स्वच्छ, अंगात बळ होतं तेव्हाचा वाटावा असा. गॅलऱ्यांची दारं उघडू लागली. रूपालीचे डोळे भरून आले.

“रूपाली आली! भाजी घ्या, भाजी! रूपाली आली!”

रूपालीचे पाय थांबले. तिनं वळून पाहिलं. नवसाबाई मागेच, एका बंगल्याच्या कट्ट्यावर पदर सावरून बसल्या होत्या. गाडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या सुनेकडे बघत होत्या.

तिसऱ्या मजल्यावरून एक बाई वाकल्या. “अगं, कोण रूपाली? नवसाबाई कुठंय आमची?”

नवसाबाईंनी हनुवटी वर करून सुनेला खूण केली.

रूपालीनं भोंगा बंद केला.

“मी!” ती ओरडली. “मी रूपाली! नवसाबाईची सून! मेथी लय कवळी हाय काकू, खाली या!”