एकशेसाठ जोड्या

साडेतीनच्या भोंग्याला वीस मिनिटं उरली होती आणि उत्कर्षाने पेनाचं टोपण चौथ्यांदा उघडून पुन्हा लावलं. नुसती सही तर करायची होती. कागदावर मजकूर मोजका: रुक्मिणीबाई, ड्रिल मशीन, पहिली शिफ्ट, रोज चाळीस नग कमी. उद्यापासून काम बंद. मॅनेजर शेखरसरांची सही झाली होती. इंजिनिअर म्हणून तिची राहिली होती.

हात काही चालेना. कागद-पेन घेऊन ती केबिनमधून उठली आणि शेडमध्ये आली. तळवड्यातलं ते पत्र्याचं शेड दुपारी नुसतं भाजून निघायचं.

रुक्मिणीबाई मशीनवर वाकल्या होत्या. ओठांत भजन, आणि हात त्याच्या ठेक्यावर. ना घाई, ना थांबणं.

"मावशी, एक विचारू? लोखंडाचे नग इतके हळू का होतात?"

"हळू कुठं, मॅडम? तासाला तीस. तुमीच घड्याळ लावून बघितलं व्हतं की."

खरंच होतं ते. तीन महिन्यांपूर्वी तिनेच शेजारी उभं राहून मोजलं होतं. ॲल्युमिनियमचे तासाला साठ, लोखंडाचे तीस. साठ आणि तीस नव्वद, भागिले दोन, पंचेचाळीस. आठ तासांचे तीनशे साठ. मशीनच्या वरच्या फळ्यावर तो पंचेचाळीस अजून तिच्याच अक्षरात होता.

"मग रोज तीनशे वीसच कसे भरतात?"

"मावशी मशीनवर कीर्तनाला बसतात ना!" दुसऱ्या शिफ्टचा रणजीत डबा हलवत आत येत होता. "आमचं बघा, मॅडम. रोजचे तीनशे साठ. एक कमी न्हाई."

"व्हय रे बाबा." रुक्मिणीबाई हसल्या. "चार तास हे, चार तास ते. तुझे दोनशे चाळीस ॲल्युमिनियमचे आन् एकशेवीस लोखंडाचे. वरचे एकशेवीस कुनाच्या गळ्यात बांधायचे? बघ त्या कोपऱ्यात, कसं साचलंय."

उत्कर्षाने मान वळवली. कोपऱ्यात क्रेटवर क्रेट चढले होते, सगळे ॲल्युमिनियमचे. रोज दिसायचे, तिला तो साठा वाटायचा. पुढच्या खात्यात दोन्ही धातूंचे नग एकास एक बसतात, तिथे नुसत्या ॲल्युमिनियमचा उपयोग शून्य.

"मी जोडीनं करती, मॅडम," रुक्मिणीबाईंनी पुढचा नग लावला. "एकशेसाठ हे, एकशेसाठ ते. एकच टाळ घेऊन भजनाला कुनी जातं का? सकाळी सातला लागलं की ॲल्युमिनियम पावणेदहाच्या आत संपतंय. पुढचा समदा दिवस लोखंड खातंय."

उत्कर्षाने कागद उलटा केला आणि तिथेच क्रेटवर टेकवला. एकशेसाठ भागिले साठ : दोन तास चाळीस मिनिटं. एकशेसाठ भागिले तीस : पाच तास वीस मिनिटं. जेवणाचा अर्धा तास सोडून बेरीज आठ तास. मिनिटही शिल्लक नाही.

नग निम्मे-निम्मे होते, वेळ निम्मा-निम्मा नव्हताच. हळू कामाला दुप्पट वेळ जात होता आणि तिने दोन्ही आकड्यांना सारखाच मान दिला होता. बारावीत परीक्षेपुरतं घोकलेलं सूत्र आठवलं, हरात्मक मध्य. दोन गुणिले साठ गुणिले तीस, भागिले नव्वद. तासाला चाळीस. आठ तासांचे तीनशे वीस.

तिच्या कानशिलावरून घाम ओघळला.

"मावशी, तुमचा एकही नग कमी नाही. जोडीनं केले तर याहून जास्त होणारच नाहीत. माझा आकडा चुकलाय." तिने कागदावर आडवी रेघ मारली, फळ्यावरचा पंचेचाळीस ओढणीच्या टोकाने पुसला आणि चाळीस लिहिला. "शेखरसरांना मी सांगते. आत्ताच."

"आयला," रणजीत डबा हातात धरून उभाच राहिला. "म्हंजे आमच्या एकशेवीस जोड्या, आन् मावशीच्या एकशेसाठ?"

रुक्मिणीबाईंनी मशीन बंद केली होती. ओठांतलं भजनही थांबलं होतं.

"म्हंजे, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या शालनबाईचं बी बरोबरच व्हतं?"

शालनबाई. रुक्मिणीबाईंच्या आधी याच मशीनवर होती; तीन महिन्यांपूर्वी घड्याळ लावून मोजलं तेही तिच्याच शेजारी उभं राहून. दोघी काळेवाडीच्या एकाच भजनी मंडळातल्या. गेल्या महिन्यात तिचाही असाच कागद आला होता: रोज चाळीस नग कमी. त्या कागदावर उत्कर्षाने चहा पिता पिता सही केली होती.

भोंगा झाला. माणसं भराभर दाराकडे निघाली. उत्कर्षाने फोनमधला शालनबाईचा नंबर शोधला आणि लावला. पलीकडे कॉलरट्यूनला टाळ वाजू लागले. रुक्मिणीबाई हात पुसत तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. टाळ वाजत राहिले, वाजत राहिले, आणि मध्येच तुटले.

उत्कर्षाने पुन्हा लावला.