नदीकडची हिरवी वाट

सुरुंग शोधून काढण्यासाठी वाटेवर पेरलेलं, खाली स्फोटकं असली की लाल होणारं गवत पेरणीच्या तिसऱ्या वर्षी पहिल्यांदाच सगळीकडे हिरवंगार उगवलं, तसं नदीकडची वाट खुली करायला अख्खं गाव ढोल घेऊन जमलं. जैनी मात्र मागेच उभी राहिली. बंदुकीशिवाय न्याय मिळत नाही, असं शिकवत तिनेच एकेकाळी आपल्या बंडखोर दलाकडून या वाटेत सुरुंग पेरून घेतले होते.

“आधी मी चालते,” ती पुढे येऊन म्हणाली. “एखादा राहिला असला तर...”

त्यातल्याच एका सुरुंगाने जिचा पाय नेला होता, ती पुसली नावाची गावातली बाई कुबडी टेकत आली आणि तिने जैनीचा हात धरला.

“गवतावर माझा भरवसा आहे गं. तुझ्यावरही बसेल हळूहळू. चल!”

दोघी पाण्याशी पोचल्या तेव्हा जैनी रडता रडता हसत होती. मागे ढोल घुमले आणि सगळं गाव नदीकडे धावत सुटलं.