गाडीबरोबर आलेला जॅक

तिला सासऱ्यांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे ते जुन्या गाडीखाली होते. पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं, आणि गाडीचा तो अख्खा कोपरा एका जॅकवर. शेजारी, गाडीखाली टेकू द्यायला तिच्या नवऱ्याने आणलेले दोन लोखंडी स्टँड पडले होते. त्यांच्यावरचं स्टिकरसुद्धा निघालं नव्हतं.

"बाबा, स्टँड लावा म्हटलं होतं ना?"

"अगं, गाडीबरोबर आलेला जॅक आहे हा. कंपनीने काय उगाच दिलाय?"

"चाक बदलायला दिलाय. खाली झोपायला नाही."

"तू ना सूनबाई, ताकसुद्धा फुंकून पितेस."

ती पुढे बोलणार, तोच गाडी किंचित हलली. तिने वर पाहिलं. तिची छोटी लेक चिऊ ड्रायव्हरच्या सीटवर उभी होती. कधी चढली होती कोण जाणे. "पीं पीं!" करत ती उड्या मारायच्या बेतात होती.

जॅक करकरला. त्याचा खालचा पाय तिरका झाला होता.

ओरडलं तर पोर दचकेल. दचकली की उडी मारेल.

"चिऊ," ती अगदी हळू म्हणाली, "स्टॅच्यू!"

चिऊ थिजली. गाल फुगलेले, एक हात हवेत. आई 'ओव्हर' म्हणेपर्यंत हलायचं नाही, हा दोघींचा रोजचा खेळ.

"बाबा, बाहेर या."

"एवढा एक नट होऊ दे."

"बाबा, चिऊ गाडीत आहे."

पान्ह्याचा आवाज थांबला. टाचा रोवत पाय बाहेर सरकू लागले. मग गुडघे, पोट, शेवटी डोकं. उठताना ते सवयीने दाराला हात टेकवणार, तेवढ्यात तिने त्यांचं मनगट धरलं.

मग खिडकीतून हात घालून तिने चिऊला अलगद उचललं. पोरीचं वजन सुटलं तशी गाडी डुलली. जॅक निसटला. मघाशी सासऱ्यांची छाती होती तिथे गाडी धाडकन बसली. पान्हा खालीच राहिला.



कडेवरची चिऊ अजून ताठ होती, हात तसाच हवेत. नुसते डोळे फिरवून तिने आजोबांकडे पाहिलं. तेही हलत नव्हते.

"आई," ओठ न हलवता ती पुटपुटली, "ओव्हर म्हण ना. आजोबांना पण."