मऊ खांदे

मॅनेजरने वहीतून सहावं नाव कागदावर उतरवलं, खाली लाल रेघ ओढली आणि पेनाला टोपण लावलं.

"झाली यादी," तो म्हणाला. "तुमच्यामुळे काम सोपं झालं, बाई."

मसाजवाल्या बाईंना काही उमगेना. वही त्यांची होती. सहा आठवड्यांत माणसं किती सुधारली ते वरच्या ऑफिसला दाखवायचंय, असं सांगून त्याने ती सकाळी मागून घेतली होती. बाईंनीही हौसेने दिली. तिथेच चुकलं.

कंपनी पार्सलं पोचवायची. पोचली नाहीत की लोक फोन करून शिव्या घालायचे, आणि त्या शिव्या दिवसभर कानात भरून घ्यायला या मजल्यावर पस्तीस माणसं बसवली होती. माना आखडल्या, डोकी ठणकू लागली, रजा वाढल्या. फोनवर आणखी माणसं बसवणं महाग होतं. मसाज स्वस्त होता. म्हणून बाई आल्या.

बाई काही तेल चोपडून पाठ रगडणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोन वर्षं रीतसर शिकल्या होत्या. कुठे दाबायचं आणि कुठे बोटही लावायचं नाही, याची परीक्षा देऊन आल्या होत्या. आधी खांदा चाचपायच्या, तो किती ताठ आहे त्याचा एक ते दहात आकडा मांडायच्या, मगच हात चालवायच्या.

तीन नंबरच्या टेबलावरची ताई आली तेव्हा नऊवर होती. कुणी हाक मारली की कपाट सरकवावं तशी आख्खी वळायची. आता तिची मान वळत होती, रात्री झोप लागत होती, डोकेदुखीची गोळी सुटली होती. आकडा दोन. घरात कमावणारी ती एकटी, आणि यादीत पहिलं नाव तिचंच.

"ही कसली यादी?" बाईंनी विचारलं.

"सहा माणसं कमी करायला सांगितलंय वरून. तोंड बघून काढली तर बोंबाबोंब होते. हे कसं, शास्त्रीय आहे. आकडा दोन म्हणजे ताण नाही. ताण नाही म्हणजे काम नाही."

"अहो, पहिलं पान बघा की. नऊ होता तिचा. मी आणलाय तो दोनवर, अंगठे झिजवून."

"म्हणजे आता ताण नाही, हे तुम्हीही मानता."

दगडाशी बोलणं परवडलं. दगडाकडे निदान मॅनेजमेंटची पदवी नसते.

"वही यादीला जोडून पाठवतो, पुरावा म्हणून," तो म्हणाला. "आणि तुमचं काम पक्कं समजा. उरतील त्यांच्यावर बोजा वाढणार, त्यांना तुम्ही लागालच." त्याने टाय सैल केला. "आलाच आहात तर माझाही खांदा बघा. वरच्या माणसाला काय ताण असतो, कुणाला कल्पना नसते."

तो मसाजच्या खुर्चीवर उलटा बसला आणि गादीच्या गोल भोकात तोंड घातलं.

शिकवलं होतं तसे बाईंनी हात चोळून गरम केले आणि त्याच्या खांद्यांवर ठेवले. बोटं लोण्यात जावीत तशी आत गेली. उगाच अन्याय नको म्हणून त्यांनी डावीकडे दाबून पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मानेच्या मुळाशीही पाहिलं.

"एक," बाई म्हणाल्या.

"काय एक?"

"तुमचा आकडा. आख्ख्या मजल्यावर सगळ्यांत कमी." त्यांनी वही ओढली.

"थांबा. माझं कशाला लिहिताय?"

"ज्याच्या खांद्याला हात लावला त्याची नोंद करायची, असा आमचा नियम आहे. साहेब असो नाहीतर शिपाई. वही वर जाणारच आहे, तर बघतील तेही. शास्त्रीय आहे."

खुर्ची करकरली. बाईंच्या तळव्याखाली काहीतरी हललं. खांदा गोळा झाला, वर चढला, कानाला भिडायला निघाला. मानेची शीर टरारून उभी राहिली.

"बाई," खालून दबका आवाज आला, "ती यादी फाडून टाका. वही कुठेही पाठवायची नाही."

बाईंनी यादीचे चार तुकडे केले, वही आपल्या पिशवीत घातली आणि अंगठा पुन्हा त्याच्या खांद्यात रोवला. अंगठा आत जाईना.

"आठ," त्या म्हणाल्या. "आता कुठे कामाला लागलात, साहेब."