जुनेर

माझी धाकटी जाऊ किशोरी गेल्या चतुर्थीला मुंबईहून देवबागला आली ती परदेशी कंपनीचं लेदर जॅकेट घालून. घामाने निथळत होती, पण अंगातून काढेना. मी नुसता हात लावायला गेले तर म्हणाली, "वैनी, आधी हात पुसा हं."

निघताना तिने नेहमीसारखी जुन्या कपड्यांची पिशवी माझ्यापुढे धरली. मी ती तिच्या गाडीत भिरकावली. "तुझे जुने कपडे तुझ्याकडेच ऱ्हवांदेत गो. माका भीक नको."

तरी मुंबईला निघणाऱ्याला देवीचा अंगारा द्यायची घरची रीत मी मोडली नाही. पुडी तिच्या जॅकेटच्या आतल्या खिशात कोंबली आणि तोंड फिरवलं.

पण ते जॅकेट डोक्यातून जाईना. यंदा आमच्या होमस्टेचा सीझन संपल्यावर फोनवर शोधून तस्संच मागवलं. वापरलेलं होतं, पण अस्सल असल्याचा दाखला सोबत होता. कुणा अनोळखी बाईचं जुनं मला चालणार होतं, किशोरीचं नाही. येत्या चतुर्थीला तिच्या नाकावर टिच्चून घालणार होते.

काल पार्सल आलं. आरशासमोर उभी राहून घातलं आणि ऐटीत आतल्या खिशात हात सारला.



हाताला अंगाऱ्याची पुडी लागली. आमच्याच होमस्टेच्या बिलाच्या कागदात मी बांधलेली, अजून न उघडलेली.